जास्वंदीच्या दुधातली दुपार

"चहा टाकते," म्हणत अक्का स्वयंपाकघरात गेली आणि दारातूनच परत आली. "अगं, गुरुवार ना आज तुझा! कोरा करते."

गुरुवारी मी दूध घेत नाही. रविवारी मीठ नाही, मंगळवारी गोड नाही, तसं गुरुवारी दूध नाही. लग्नाआधीपासूनचा नियम आहे. सेंद्रिय मंडळाच्या ऑफिसातल्या मुली चिडवतात, "चेलनाताई, दुधाला पानं देणारी बाईच दूध पीत नाही म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं?" मी हसून म्हणते, एकच दिवस गं. पण त्या सकाळी मला हसू येत नव्हतं. कट्ट्यावर ठेवलेल्या पेटीकडं सारखं लक्ष जात होतं.

"हेच का ते?" अक्कानं विचारलं. "एवढंसं? जेवणाच्या डब्याएवढं?"

"एवढंच."

"आणि हे म्हणे गाईच्या मनातलं सांगतं."

"मनातलं नाही गं. दुधातलं."

"एकच की ते," अक्का म्हणाली आणि आधण ठेवायला गेली.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आमची आई, अव्वा, गेली तेव्हा मी नुकती चालायला लागले होते. अक्काच्या लग्नात पाठराखीण म्हणून गेले ती तिच्याच घरी वाढले, तिथंच शिकले. वारणेकाठच्या त्या घरामागं तिनं आणि भावजींनी चार गीर गाईंवर दूध सुरू केलं. पुढं भावजी गेले, मुलगा भरतेश हाताशी आला, आणि आज 'अभय' दुधाची पिशवी पार पुण्यापर्यंत जाते. नाव अक्कानंच ठेवलेलं. तिच्याकडची आटलेली गाय विकली जात नाही, गोऱ्हा विकला जात नाही. मागच्या आवारात म्हाताऱ्या गाई आणि बैल निवांत रवंथ करत बसलेले असतात. त्यांचं पोट पुढच्या दुभत्या गाईंवर चालतं. आसपासच्या कितीतरी बस्त्यांमध्ये, म्हणजे आमच्या जैन मंदिरांमध्ये, भगवंतांच्या अभिषेकाला हेच दूध जातं. माझ्या देवघरातही हेच.

आणि माझं काम काय, तर सेंद्रिय म्हणून दूध विकणाऱ्यांचे गोठे तपासायचे. गेल्या वर्षापर्यंत ते सोपं होतं. चारा कुठून येतो, त्यावर कसली फवारणी, इंजेक्शनं देतात का, गाईला बसायला जागा किती, वासराच्या वाट्याला किती सड सोडतात, हे बघायचं आणि पिशवीवर छापायला हिरवी पानं द्यायची. पाच पानं म्हणजे उत्तम. तीनच्या खाली गेलं की सेंद्रिय हा शब्दच पिशवीवरून उतरतो. 'अभय'ला कायम पाच.

यंदा मंडळानं वाचक आणला, तीच ही कट्ट्यावरची पेटी. नियमानं नात्यातली डेअरी मी तपासायची नाही. पण वाचक चालवायचं शिक्षण आमच्या भागात अजून एकट्या माझंच झालेलं. मंडळाचे साहेब म्हणाले, "आकडा यंत्र देणार आहे, मॅडम. तुम्ही फक्त बाटली धरायची." त्या 'फक्त'वर मी विश्वास ठेवला.

गोठ्यात धारा चालू होत्या. आमच्या लोकांत दूध काढल्यावर दोन घटकांच्या, म्हणजे पाऊण तासाच्या आत तापवतात. त्यापुढं कच्च्या दुधात जीव उपजतात असं मानतात. म्हणून अक्काच्या गोठ्याला लागूनच चुलाण आहे आणि चरवी भरली की थेट त्याच्यावर जाते. वाचकाला मात्र कच्चं दूध लागतं. तापवलं की आतलं सगळं पुसलं जातं. म्हणून मी चुलाणाच्या वाटेत उभी राहिले. वाचकानं आपणहून सात गाईंचे नंबर निवडले होते, त्यांच्या चरव्यांतून एकेक चमचा वेगवेगळ्या बाटलीत घेतला. सातातली एक जास्वंदी. लालसर, लांब कानांची, अक्काची लाडकी.

वाचक काय करतो ते सांगते. कासेतल्या पेशी दूध करता करता त्यात अतिसूक्ष्म थेंब सोडत असतात. प्रत्येक थेंबात पेशीचा एक रासायनिक निरोप असतो. गाय शांत असेल तर निरोप वेगळे, घाबरलेली वा दुखावलेली असेल तर वेगळे. हे शास्त्रज्ञांना बरीच वर्षं माहीत होतं. नवं कळलं ते एवढंच, की हे निरोप ठरावीक वेगानं झिजतात. आत्ता सुटलेला निरोप अखंड असतो, पहाटेचा कडेनं झिजलेला, आदल्या दुपारचा निम्माच उरलेला. धार काढली तरी कासेत थोडं दूध मागं राहतंच, त्यामुळं आदल्या दिवसाचाही माग लागतो. कुठला निरोप किती झिजलाय हे मोजलं की तो कधीचा आहे ते समजतं. मग पडद्यावर एक रेघ उमटते. गाईला त्रास झाला तिथं वर चढते, निवांत होती तिथं खाली येते. एक थेंब दूध, आणि त्यात गाईचा अख्खा दिवस.

वाचक आल्यापासून कितीतरी पिशव्यांची पानं गळाली होती. वर हिरव्या कुरणाचं चित्र आणि आतल्या दुधात दिवसभर साखळीला जखडल्याचा निरोप. लोक आता दुकानात उभ्या उभ्या फोन पिशवीवर धरतात, 'ही गाय काल शांत होती' एवढं वाक्य वाचतात आणि मगच पैसे देतात.

मी जास्वंदीची बाटली आत सरकवली. रेघ उमटायला लागली आणि माझ्या हातातला कोरा चहा हातातच राहिला.

रेघ वर होती. एखाद्या ठिकाणी नव्हे, सगळीकडं. संध्याकाळभर वर, रात्रभर वर, पहाटे आणखी वर. त्याआधी, काल दुपारी कुठंतरी एक खोल खळगा, तेवढाच. पुढची गाय. तसंच, फक्त तो खळगा नाही. सातही गाई एकच सांगत होत्या.

"किती?" मागून भरतेशनं विचारलं.

"दोन."

"दोन कमी?"

"दोन पानं, भरतेश."

तो पडद्यावर वाकला. मग म्हणाला, "बिघडलंय ते."

"पेटी बिघडली तर सात गाईंच्या रेघा अशा जुळतील कशा?"

तो तडक जास्वंदीजवळ गेला आणि तिचा कान उलटा करून मला दाखवला. आत एरंडाच्या बिया चिकटवाव्यात तसे गोचीड. शेपटीच्या मुळाशी तसेच. कासेच्या घडीत बारीक बारीक, मोजता न येण्याइतके.

"रोज वेचतो आपण," तो म्हणाला. "आई स्वतः वेचते. संध्याकाळी पुन्हा आहेतच. मी दोन वर्षं झाली कानीकपाळी ओरडतोय, बुरशीची ती भुकटी लावू. मंडळाला चालते, औषध नव्हे काही नव्हे, गाईला कणभर अपाय नाही. तर आई काय म्हणते माहीत आहे? गाईला होत नाही रे, गोचीडाला होतं ना!"

मला ठाऊक होतं. ती बुरशी गोचीडाच्या अंगात मूळ धरते आणि आतून त्याला खाते. मीच इतर गोठ्यांच्या अहवालात तिची शिफारस लिहिते, आणि लिहून झालं की मनात णमोकार मंत्र म्हणते.

भरतेशनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. "मावशी, ऐक. तू असं लिही की नमुना चुकून तापवलेल्या दुधाचा घेतला गेला."

"काय?"

"आमच्याकडं हे होऊ शकतं. दूध काढलं की चुलाणावर, सगळ्यांना ठाऊक आहे. कोण संशय घेणार? उलट म्हणतील, अभयवाले नियमाचे पक्के. मग संध्याकाळी फेरनमुना घे. मी दिवसभर सात बायका लावतो त्या सात गाईंना. अंगावर एक गोचीड राहू देत नाही. पाणी मारतो, पंखे लावतो. निदान तीन पानांपुरती तरी रेघ झोपेल बघ."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या. मागच्या आवारात एकदा जाऊन ये, मावशी. दोन पानांची पिशवी कोण घेणार? पुढच्या गाईंचं दूध पडून राहिलं तर मागच्यांना काय घालू? त्या कुठं जातील हे माझ्या तोंडून वदवू नकोस." तो वळला, पुन्हा थांबला. "संध्याकाळच्या धारांच्या आत ठरव. आणि आईला यातलं काही सांगू नकोस."

अहवाल त्याच दिवशी पाठवायचा असतो. पेटी बंद करून मी ओसरीवर बसले. जप करायला माळ घेतली, पण मणी नुसते बोटांतून सरकत होते. खोटं बोलायचं नाही हे तर व्रतच. पण तेवढ्यावर भागत नव्हतं. आपण हिंसा केली, दुसऱ्याकडून करवली किंवा होताना मान डोलावली, तिन्ही सारखंच, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. खरं लिहिलं तर मंडळ भुकटी लावायला लावणार, म्हणजे त्या असंख्य जिवांची हिंसा मी करवली. खोटं लिहिलं तर जास्वंदीच्या रात्रीला मी मान डोलावली. आणि लेबल गेलं तर मागच्या आवारातले ते डोळे. कुठूनही चाललं तरी पाय कुणावर तरी पडतच होता.

दुपारी अक्का मातीचं बोळकं घेऊन गोठ्यात निघाली. मीही मागोमाग गेले. ती जास्वंदीच्या गळ्याशी पाटावर बसली, कान हातात घेतला आणि एकेक गोचीड हलक्या बोटांनी सोडवून बोळक्यात टाकायला लागली. चिरडू नये म्हणून बोळक्यात वाळलं गवत घातलेलं. जास्वंदीनं मान तिच्या खांद्यावर टेकवली. लहानपणी मीही अशीच शेजारी बसून वेचायची. भरलं बोळकं ओढ्याकाठच्या गवतात नेऊन हलकेच पालथं करायचं, हे काम माझं असायचं.

"बोल," अक्का मान वर न करता म्हणाली.

"काय बोलू?"

"सकाळपासून पदराचं टोक पिळतीयेस. भरतेशचं तोंड उतरलंय. किती पानं?"

मी सांगितलं. ती वेचत राहिली. जरा वेळानं म्हणाली, "रात्रभर त्रास होतो म्हणतं का ते?"

"रात्रभर. थोडाथोडाच, पण थांबत नाही. आपला डोळा लागावा आणि कुणीतरी टोचावं, पुन्हा लागावा, पुन्हा टोचावं, तसं."

"पण आपण आधीही वेचूनच सोडायचो की! तुझ्या लहानपणी दिवाळीनंतर औषधाला सापडायचे नाहीत."

"ते थंडीनं संपायचे, अक्का. आता कुठाय थंडी? पौषातही पंखा लागतो. आता ते बारा महिने वाढतात."

अक्काची बोटं थांबली. जास्वंदीनं डोकं हलवून तिला ढोसलं, तरी थांबलेलीच.

"म्हणजे मारायची थंडी," ती सावकाश म्हणाली. "आणि मी इतकी वर्षं सांगत फिरले, आमच्या गोठ्यात एक जीव मारला जात नाही."

मी बोळकं तिच्याजवळ सरकवलं.

"आणि सोडतो कुठं आपण त्यांना? ओढ्याच्या गवतात. आणि वासरं चरायला..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. मग एकदम माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझ्या त्या पेटीला माझा हात दिसतो का गं?"

मी पडदा तिच्यापुढं धरला. "हा खळगा बघ. ही कालची दुपार. तू अशी येऊन बसतेस ती. दिवसात एवढाच वेळ ती निवांत असते."

तिनं बोट त्या खळग्यावर ठेवलं. "एवढाच?"

"एवढाच."

मला राहवलं नाही. भरतेशनं सुचवलेलं सगळं मी तिला सांगून टाकलं. शेवटी माझ्याच तोंडून निघून गेलं, "अक्का, तू म्हणालीस तर तसं लिहिते मी."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग हसली, पण डोळ्यांत नाही. "मी म्हणू? म्हणजे करणारी तू आणि करवणारी मी. लहानपणी बस्तीच्या मागच्या चिंचा पाडतानासुद्धा तू मलाच पुढं काढायचीस, आठवतंय?" तिनं बोळकं उचललं. "मी काही म्हणणार नाही, चेलू. पेटी तुझ्या हातात आहे. मी ह्यांना सोडून येते, मग जेवू."

ती मागच्या दारानं ओढ्याकडं गेली. मी पेटी मांडीवर घेऊन बसले. पडद्यावर दोन चौकटी होत्या. 'पाठवा' आणि 'नमुना बिघडला'. दुसरीवर माझं बोट किती वेळ होतं, कुणास ठाऊक. पलीकडं भरतेश गडीमाणसांना हाका मारत होता, पंख्यांची वायर ओढत होता. मागच्या आवारातून एक म्हातारा बैल हंबरला.

अक्का परत आली तेव्हा बोळकं भरलेलंच होतं. वर तिनं तळहात झाकण म्हणून धरला होता.

"सोडलं नाहीस?"

"गवतात वासरं होती," ती म्हणाली. "माझ्याकडं धावत आली. हात चाटायला लागली." बोळकं तिनं कट्ट्यावर ठेवलं, आमच्या दोघींच्या मध्ये. "आता ह्यांना कुठं ठेवू, तू सांग मला."

मी पडद्याकडं बघितलं. तिचा तळहात अजून बोळक्यावरच होता. तिच्या हातांचा खळगा ज्या पडद्यावर होता, त्याच पडद्यावर बाकीचे तासही होते. मी 'पाठवा' दाबलं.

भरतेश पंखा तसाच टाकून आला. त्याला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. "पाठवलंस," तो म्हणाला. "सख्खी मावशी आणि पाठवलंस." मी मान खाली घातली.

"तिला बोलू नकोस," अक्का म्हणाली. "ती भुकटी आणून ठेवलीयेस ना तू? मागच्या खोलीत, पेंडीच्या पोत्यांआड."

भरतेश चपापला. "तुला कसं..."

"माझ्या घरात काय कुठं आहे ते मला माहीत नसणार? घेऊन ये. गड्यांना सांगू नकोस, मी लावणार. पाप काय मजुरीनं देऊन टाकता येतं?"

ती भुकटी हिरवट होती, वासाला ओल्या मातीसारखी. अक्कानं ती पाण्यात कालवली आणि पहिल्यांदा जास्वंदीच्या कानाला लावली. लावताना ती ओठांत णमोकार म्हणत होती. मीही पदर खोचला आणि हात पुढं केला.

"तू नको," अक्का म्हणाली. "तुझे नियम आहेत."

"आणि तुझे नाहीत?"

तिनं भांडं जरा माझ्याकडं सरकवलं.

दिवस मावळायच्या आत मी घरी पोचले, पण जेवण गेलं नाही. दिवसाच्या चुकांची क्षमा मागायला, प्रतिक्रमणाला बसले. जाणता अजाणता ज्या जिवांना पीडा दिली त्यांनी क्षमा करावी, या ओळीपर्यंत आले आणि अडले. आजवर मी ती ओळ अजाणता म्हणत होते.

पुढचे दिवस फोनचे गेले. 'अभय'च्या पिशवीवर फोन धरला की 'ही गाय त्रासात होती' असं यायला लागलं. पुण्याच्या दुकानांनी दूध थांबवलं. एका बस्तीच्या विश्वस्तांनी अक्काला सांगितलं, की अभिषेकाला आता दुसरीकडून घेऊ, राग मानू नका. भरतेशनं माझा फोन उचलणं बंद केलं. मागच्या आवारासाठी त्यानं जमिनीचा एक तुकडा विकायला काढला असं कानावर आलं. मला काही सुचायचं नाही. ऑफिसात कुणाचाही फोन वाजला तरी वाटायचं, मागच्या आवारातल्यांना न्यायला गाडी आली असणार.

महिन्यानं फेरतपासणीची मुदत आली. मीच गेले. भरतेशनं दार उघडलं, "ये" म्हणाला, पण मावशी म्हणाला नाही. अक्का बस्तीत गेली होती. मी चुलाणाच्या वाटेत उभी राहून सातही गाईंचं दूध घेतलं आणि जास्वंदीची बाटली शेवटी सरकवली. आधीच्या सहा रेघा सपाट निघाल्या होत्या.

रेघ उमटली. रात्र सपाट. पहाट सपाट. मी श्वास सोडला. आणि मग कालची दुपार बघितली, आणि तिथं, पूर्वी खळगा होता नेमक्या त्याच जागी, रेघ वर आली होती. जराशीच, एखाद्या टेंगळाएवढी.

"चार पानं," मी म्हणाले.

भरतेश भिंतीला टेकून खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाला, "पाच का नाहीत, मावशी?"

मी निरोप उलगडून बघितले. वेदनेचे नव्हते. भीतीचे नव्हते. असे निरोप मी एकाच प्रसंगात पाहिले होते. वासरू समोर बांधलेलं असतं आणि अजून सोडलेलं नसतं, तेव्हा. मंडळाच्या पट्टीवर त्याला वेगळं नाव नाही. ते सरळ त्रासातच धरतात आणि एका गाईत दिसलं तरी एक पान कापतात.

"अक्का दुपारी काय करते हल्ली?"

"काही नाही. बस्तीत जाऊन बसते. गोठ्यात येतच नाही. वेचायला आता उरलंय काय? एकदा विचारलं तर म्हणाली, कुठल्या तोंडानं जाऊ."

अक्का आली. महिन्याभरात वाळली होती. मी तिला चार पानं सांगितली, तिनं नुसती मान हलवली. मग मी पडदा तिच्यापुढं धरला.

"हे काय टेंगूळ आलंय?" तिनं विचारलं.

"तुझी दुपार आहे ती."

"मी तर जातच नाही."

"तेच दिसतंय तिथं."

अक्कानं त्या टेंगळावर बोट ठेवलं. उठली. सवयीनं फळीवरचं बोळकं हातात घेतलं, त्यात बघितलं आणि परत ठेवलं. रिकाम्या हातांनी गोठ्याकडं निघाली. मी दारातच थांबले.

ती पाटावर बसली. जास्वंदीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. फक्त कान मागं घेतला आणि तिच्या हातासमोर उलटा धरला.